गेले, पण बसून राह्यले

चाचांचं नाव निघालं की मला आधी चीड येते. आदर, माया वगैरे सगळं मागून. डोळ्यांपुढं तेच येतं: बाहेर काउंटरवर दहा माणसं तावातावानं बोलतायत, आत कॉम्प्युटरवर साठ-सत्तर नावं अडकून पडलीत, शेठ काचेच्या केबिनमधून डोळे वटारून बघतायत, आणि चाचा रिसीव्हर कानाला लावून पलीकडच्या माणसाला निवांत विचारतायत, मग बकरी सापडली का. मी मागं उभी. माझं डोकं अस्सं तापायचं की विचारू नका.

हे बुलढाण्याचं सांगतेय, कोर्टाच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या ऑफिसचं. शेठ आधी केबलवाले. पुढं घरोघरी इंटरनेट आलं तशी त्यांनी शहरात वायर टाकली, आसपासच्या खेड्यांसाठी टॉवर उभे केले आणि कंपनी काढली. चाचा त्यांच्याकडे केबलच्या काळापासून. त्याच्याही आधी ते आपल्या गावी, पिंपळगाव राजाला, रेडिओ दुरुस्त करायचे. शिक्षण किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, मास्तर चांगला होता तितके दिवस गेलो. मी डिप्लोमा करून तिथं लागले. पहिल्या दिवशी त्यांनी मला बेटा म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून घाईबाई. चिडवायचं असलं की घाईबाई, समजवायचं असलं की बेटा. मला जास्त करून घाईबाईच ऐकावं लागायचं.

आता आमचं काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक नाव सर्व्हरवर असतं आणि एका नावावर एका वेळी एकालाच आत घेतात. घरातला राउटर नीट बंद केला तर तो सर्व्हरला सांगून जातो की मी चाललो. पण लाइट गेली तर बिचारा सांगणार कधी? तो बंद पडतो, आणि सर्व्हरला वाटतं माणूस अजून आतच आहे. मग लाइट येते, राउटर पुन्हा दार वाजवतो, आणि सर्व्हर म्हणतो, तुम्ही तर आधीच आत आहात, दुसऱ्यांदा कसे घेऊ? माणूस आपल्याच नावामुळं बाहेर. ते जुनं, मेलेलं नाव कुणीतरी काढून टाकावं लागतं. पुस्तकात त्याला शिळं सेशन म्हणतात. चाचा म्हणायचे, गेले, पण बसून राह्यले. मला पहिल्यांदा समजावताना म्हणाले होते की माणूस मागच्या दारानं घरी गेला आणि त्याची चप्पल पुढच्या दारात राहिली, तर सर्व्हरला ती चप्पलच दिसते.

इथवर सगळं ठीक. कुठल्याही ऑफिसात हे काम एका बटणाचं आहे. यादीतलं नाव निवडा, दाबा, झालं. आणि आमच्याकडं लाइट दिवसातून किती वेळा जाते ते काय सांगायचं. दर वेळी यादी भरून वाहायची. पण चाचा नाव काढायच्या आधी त्या घरी फोन करायचे. प्रत्येक घरी! लाइट गेली होती का, राउटरचा हिरवा दिवा लागला का, कोणी वापरून तर नाही ना राहिलं, आता तुमचं नाव काढू का. आणि पलीकडून हो आलं की मगच डाव्या हाताच्या एका बोटानं बटण दाबायचे. काढलं म्हणायचे नाहीत, उठवलं म्हणायचे.

"न इचारता कोनाले उठवू नये बेटा," एवढंच त्यांचं उत्तर. "एखादा खरंच बसला असन तर?"

फोन मोबाइलवरून करायचे नाहीत. मोबाइलवर माणूस चालता चालता बोलतो आणि अर्धंच ऐकतो, असं त्यांचं मत. ऑफिसात एकच जुना लँडलाइन होता, तो त्यांच्या टेबलावर. नंबर कुठं लिहिलेले नव्हते, सगळे पाठ. मी मुद्दाम मध्येच एखादं नाव टाकायची, चाचा लगेच दहा आकडे म्हणून दाखवायचे आणि वर ते घर विहिरीच्या कुठल्या अंगाला आहे तेही सांगायचे. कॉम्प्युटरच्या काचेवर पेन्सिलचे ठिपके पडलेले असायचे, कारण विचारून झालेल्या नावावर ते पेन्सिल टेकवायचे. मी रोज पुसायची, ते रोज टेकवायचे.

आणि लोकही असे की विचारू नका. नावाचा प्रश्न अर्ध्या मिनिटात संपायचा, मग सोयाबीनला अळी, सासूचा मोतीबिंदू, पोराची सोयरीक. शहरातल्या एक रिटायर्ड शिक्षिका बाई होत्या, त्यांच्याकडं इन्व्हर्टर होता, त्यांचं नाव कधी अडकायचंच नाही. त्यांनी ऑफिसात येऊन तक्रार केली की सगळ्यांना फोन येतो, मला काऊन नाही येत. झालं, चाचा त्यांनाही फोन करायला लागले. मी डोक्याला हात लावला.

एकदा एक वकील आले, कोर्टातून तसेच, काळा कोट घालून. ऑफिसात घरच्याच नावावर त्यांचं नेट लागत नव्हतं, सर्व्हर सांगत होता तुम्ही आत आहात. त्यांनी आवाज चढवला, माझं नाव काढा आत्ताच्या आत्ता, मला कागद पाठवायचाय. मी तर काढायलाच निघाले होते. चाचांनी मला हातानं थांबवलं, वकिलांच्या घरी फोन लावला, दोन मिनिटं बोलले आणि रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले, वकीलसाहेब, शिळं नाही, घरी बाई बसल्या आहेत, मालिका पाहून राह्यल्या. मी उठवत नाही. हा घ्या फोन, तुम्हीच उठवा. वकिलांनी रिसीव्हरकडं पाहिलं, चाचांकडं पाहिलं, आणि म्हणाले राहू द्या, येतो अर्ध्या तासानं. त्या दिवशी मात्र मी मनापासून हसले. चाचाही हसले, पण वकील गेल्यावर.

तर असा माणूस. आणि मी अशी, की लिफ्ट असलेल्या इमारतीतसुद्धा दोन-दोन पायऱ्या चढणारी. मला त्यांच्या शेजारी बसवलं होतं काम शिकायला. मी नखं खायची, उठायची, बसायची, पाणी प्यायची. एका लाइटच्या मागं दीड तास फोन! हे काय काम झालं का?

शेठला पण तेच वाटत होतं. एक दिवस त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, मॅडम, हे फोन-फोन आता पुरे. तुम्ही एक प्रोग्राम लिहा. पंधरा मिनिटं ज्या नावाची काही खबर नाही ते त्यानं आपोआप उठवावं, दर पंधरा मिनिटांनी. चालवून दाखवा, मग चाचाला सन्मानानं घरी बसवू. केबिनला नुसती काच होती आणि चाचांचं टेबल काचेला लागून. मी मान वळवली नाही, पण त्यांना ऐकू गेलं हे मला कळलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. पहिल्यांदा कुणीतरी मला माझं काम दिलं होतं. वाईट वाटलं ते घरी गेल्यावर, आणि तेही थोडंच.

दुसऱ्या दिवशी चाचा खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. म्हणाले, दाखव तरी काय करून राह्यली. मी दाखवलं. प्रत्येक टॉवर आपली वेळ लावून खबर पाठवतो की अमुक नाव अजून जागं आहे. त्या वेळेपासून पंधरा मिनिटं उलटली की नाव शिळं. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, घडी कोनाची पाहते हे? टॉवरचं घड्याळ, मी म्हटलं. ते हं म्हणाले आणि उठून आपल्या टेबलाकडं गेले. मला तेवढंच पाहिजे होतं, त्यांनी उठावं आणि मला टाइप करू द्यावं.

दहा दिवस प्रोग्राम नुसती यादी काढत होता, नावं काढत नव्हता. माझी यादी आणि चाचांची यादी तंतोतंत जुळायची. एकदा तर त्यांच्याकडून सुटलेलं नाव माझ्या यादीत निघालं, तेव्हा मी उड्या मारायचीच बाकी होते.

दाखवायचा दिवस ठरला. सकाळी अकरा. त्या दिवशी नऊला लाइट गेली, अर्ध्या तासानं आली, म्हणजे मला पाहिजे तशी यादी आयतीच भरलेली. शेठ खुर्ची घेऊन मागं बसले. मी यादी उघडली. आणि घाटाखालच्या एका टॉवरच्या सगळ्या गावांची नावं एकाखाली एक, आणि त्यांच्यापुढं तारीख माझी आई जन्मली नव्हती तेव्हाची.

मला ती दिसली. हे मी स्पष्ट सांगतेय, कारण त्यानंतर दोन वर्षं कुणालाच सांगितलं नाही. दिसली, हात थांबला. शेठनी विचारलं काय झालं. मी म्हटलं काही नाही. मनात म्हटलं, जुना कचरा असेल, निघून जाईल एकदाचा. आणि दाबलं. दोन सेकंदांत यादी साफ. शेठ वा म्हणाले. चाचा आपल्या टेबलाशी बसून पेन्सिलला टोक काढत होते.

पाच मिनिटांत फोन सुरू झाले. ती नावं कचरा नव्हती. त्या टॉवरवरचे ते सगळे जिवंत लोक होते, आपापलं काम करत बसलेले, आणि मी त्यांना घाऊक उठवलं होतं. ते पुन्हा आत आले. पंधरा मिनिटांनी प्रोग्राम पुन्हा चालला, पुन्हा सगळे बाहेर. मला काय होतंय तेच कळेना. एका माणसाचा फोन मी घेतला. त्याच्या बहिणीची व्हिडिओवर मुलाखत चालू होती, नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्सची जागा होती. दोनदा तुटली, म्हणाला, काही करा. मी बघते म्हटलं आणि बघत राहिले. प्रोग्राम बंद करायचं सुचेपर्यंत तिसऱ्यांदा तुटली. त्याचा परत फोन आला. दवाखान्यातल्या लोकांनी सांगितलं होतं की ताई, तुमच्याकडं नेटच नाही, आपण इथंच थांबू. तो हे शांतपणे सांगत होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग शोधाशोध. त्या टॉवरच्या पेटीतला घड्याळाचा सेल मेलेला होता. लाइट गेली की तिचं घड्याळ पन्नास वर्षं मागं जायचं, कुणीतरी इथून ते सरळ करेपर्यंत. मग इतके दिवस सरळ कोण करत होतं? ऑफिसात सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

चाचा उभे राहिले. "मी लावत होतो. लाइट आली की पहिले तेच. आज विसरलो."

शेठ ओरडले नाहीत. म्हणाले, चाचा, वय झालं आता तुमचं, आराम करा. प्रोग्रामबद्दल एक शब्द नाही, कारण प्रोग्राम तर बरोबरच होता, घड्याळ चुकलं होतं. चाचांनी डबा घेतला, पेन्सिल खिशाला लावली, दारात चपला घातल्या. मी तोंड उघडलं असतं तर? मला तारीख दिसली होती, एवढे चार शब्द. मी खाली मान घालून कीबोर्डकडं बघत राहिले. हजार घरांचे नंबर ज्याला पाठ, तो माणूस घड्याळ विसरतो? मला तेव्हाच वाटलं की ते खोटं बोलले, आणि माझ्यासाठी बोलले.

पुढं मी प्रोग्राम दुरुस्त केला. टॉवरचं घड्याळ बघायचंच नाही, खबर आली तेव्हा सर्व्हरच्या घड्याळात किती वाजले तेवढंच बघायचं. अर्ध्या दिवसाचं काम. तो अजून चालतो, एकाही जिवंत माणसाला उठवत नाही. मला बढती मिळाली. पण मला त्या ऑफिसात धड बसवेना. कुणी चाचा कुठं आहेत विचारलं की मी उठून सर्व्हरच्या खोलीत जायची. रोज विचारायचे लोक! काउंटरवर विचारायचे, फोनवर विचारायचे. घरी जेवताना आई म्हणायची, तुले काय टोचून राह्यलं? मी तिच्यावरच खेकसायची.

आणि मग दुसरी कंपनी आली. खेड्यातले लोक तिकडं जायला लागले. शेठनी कारण विचारलं तर लोक म्हणाले, तुमच्याकडून कोणी फोन तर करत नाही. शेठनी मला बोलावलं. म्हणाले, चाचाला घेऊन या. तीच खुर्ची, अर्धा दिवस, नुसते फोन करायचे. मी दुसऱ्याच दिवशी निघाले. खामगावला गाडी बदलली, पिंपळगाव राजाला उतरले. पूर्ण रस्ताभर मी एकच वाक्य घोकत होते.

चाचा अंगणात पोतं अंथरून विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उघडून बसले होते. मला बघून म्हणाले, घाईबाई, गाडीच्या आधी पोचली का? त्यांच्या घरच्या, आमच्या चाची, खुर्ची घेऊन आल्या. मी शेठचा निरोप सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि पुन्हा स्क्रू फिरवायला लागले. मला राहवेना.

"चाचा, त्या दिवशी मले ती तारीख दिसली होती. दिसली अन् तरी मी दाबलं."

"माहीत आहे मले. तुह्या हात थांबला, मी पाह्यलं होतं."

"मग विसरलो काऊन म्हटलं तुम्ही? माह्यासाठी काऊन खोटं बोलले?"

त्यांनी स्क्रूड्रायव्हर पोत्यावर ठेवला.

"खोटं बोललो बेटा. पन तुह्यासाठी नाही. मी विसरलो नव्हतो."

मग त्यांनी सांगितलं. त्या सकाळी लाइट आली, रोजच्यासारखा त्यांचा हात त्या टॉवरच्या घड्याळाकडं गेला, आणि त्यांनी तो मागं घेतला. म्हटलं, पाहू दे शेठले, चाचा नसला की काय होते ते. चार लोक तुटतील, दोन शिव्या घालतील, शेठचं डोकं ठिकाणावर येईल. पहिले फोन वाजले तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं. मजा वाटली, असंच म्हणाले ते. मग मी त्या भावाशी बोलत होते ते त्यांच्या कानावर पडलं. ते घर त्यांच्या ओळखीचं. मुलाखत आहे हे मुलीच्या आईनं त्यांना फोनवर आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं.

"तवाच उठून घडी लावली असती तर तिसऱ्यांदा नसती तुटली," चाचा म्हणाले. "नाही उठलो. खुर्चीची माया."

दुसऱ्या दिवशी ते बसनं त्या गावाला गेले होते. मुलीला समोर बसवून सांगितलं की माझ्या हातून झालं, जाणूनबुजून झालं. ती ठीक आहे काका म्हणाली. पाणी दिलं. मी विचारलं, मग लागली का ती नंतर कुठं? चाचा स्टार्टरकडं बघत म्हणाले, "इचारलं नाही. गावभर इचारत फिरनारा मी. तिथं तोंडच उघडलं नाही."

मग म्हणाले, "शेठले सांग, नाही येत. त्या खुर्चीवर बसून तिच्या घरी फोन लावाची पाळी आली तर मी काय इचारू?"

मला काय वाटायला पाहिजे होतं कोण जाणे. मला राग आला. भयंकर राग आला. दोन वर्षं मी ते ओझं माझं म्हणून वाहिलं, जेवण गोड लागलं नाही, आणि हा माणूस इथं पोत्यावर बसून! मी म्हटलं, एक फोन करता येत नव्हता मले? नंबर तर पाठ आहेत तुमाले सगळ्याइचे.

"घडी कोनाची पाहते हे, असं मी तुले इचारलं होतं," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "सांगाचंच म्हणून आलो होतो तवा. तूनं एकदा तरी इचारलं का, चाचा, काऊन इचारून राह्यले म्हणून?"

चाची चहा घेऊन आल्या. मी प्यायले. मग परतीची बस धरली.

संध्याकाळी ऑफिसात शेठच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, चाचा येत नाहीत. आणि शेठ, त्या दिवशीची चूक त्यांच्या एकट्याची नव्हती. ती तारीख मला दिसली होती, दिसूनही मी बटण दाबलं. शेठ मोबाइलवर काहीतरी लिहीत होते. लिहून होईपर्यंत मी उभी राहिले.

"बरं," ते म्हणाले. "मग दुसरा कोनी पाहा, लोकाइशी गोड बोलनारा. उद्यापासूनच."

मी हो म्हटलं.